वाचलेले डोळे
जासईसारख्या गावात अपुऱ्या दिवसांचे मूल जगले, की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. डोळ्यांची कथा मात्र तेथूनच पुढे सुरू होते. १९४२ साली बोस्टनच्या टेरी यांनी अशा बाळांच्या भिंगामागील पांढरा पडदा नोंदवला; १९५० च्या दशकात कारण सापडले ते काचपेटीतला अनिर्बंध प्राणवायू. जगवणाराच आंधळे करीत होता! १९८६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी चाचणीत दृष्टिपटलाची कड गोठवून पाहिली. दहाव्या वर्षी, उपचार न केलेल्या ६२.१ टक्के डोळ्यांची दृष्टी अत्यल्प होती; केलेल्यांतही ४४.४ टक्के. आम्हांस हा दुसरा आकडाच अधिक बोलका वाटतो. पुढे लेझरने निकाल सुधारले. तरी जन्मानंतर तीस दिवसांत करावयाची पहिली तपासणी पुरत नाही: जाड चष्मा, तिरळेपणा, क्वचित उशिरा निसटणारे दृष्टिपटल, हे सारे शाळेच्या वयात उगवते.