सॉफ्टवेअरची फेरफार नोंदवही

वसई तालुक्यातील सातिवली असो वा राज्यातील अन्य कोणतेही गाव, जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात. उतारा आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली, हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये सापडते. त्या वहीचे रकाने ठरलेले आहेत : अनुक्रमांक, संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, परिणाम झालेले भूमापन क्रमांक आणि तपासणी अधिकाऱ्याचा शेरा. लिहिणारा बदलला तरी रकाने बदलत नाहीत. म्हणूनच अनेक वर्षांनी वारसांना त्या नोंदीचा आधार घेता येतो.

सॉफ्टवेअर प्रकल्पातही अशीच वही असते. प्रोग्रामच्या मजकुरातील प्रत्येक बदल आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत नोंदवला जातो. त्या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात आणि तिच्यासोबत लिहिलेल्या मजकुराला ‘कमिट संदेश’. काय बदलले, कोणाच्या नावे आणि केव्हा, हे प्रणाली स्वतःच टिपते. का बदलले, हे मात्र माणसानेच लिहावे लागते. तेथे ‘थोडे बदल केले’ एवढेच लिहिले, तर नोंद असूनही नसल्यासारखी होते.

साचा आणि त्यामागची कारणे

आज सर्वाधिक प्रचलित असलेली ‘गिट’ ही प्रणाली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहिली. तोवर लिनक्ससाठी वापरली जाणारी ‘बिटकीपर’ ही खासगी प्रणाली विनामूल्य मिळेनाशी झाली होती. गिटच्या संदेशाचा सर्वमान्य साचा २००८ मध्ये टिम पोप यांनी एका लेखात मांडला. पहिली ओळ शीर्षकाची, सुमारे ५० चिन्हांची. त्यानंतर एक रिकामी ओळ. मग कारणे सांगणारा मजकूर, प्रत्येक ओळ ७२ चिन्हांच्या आत.

या आकड्यांना व्यावहारिक आधार आहे. लिनक्सचे बदल ई-मेलने पाठवले जातात आणि गिट शीर्षकालाच पत्राचा विषय बनवते. इतिहास दाखवताना गिट संदेश चार जागा आत सरकवून छापते. ८० स्तंभांच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना चार-चार जागा सोडल्या की ७२ उरतात. मधली रिकामी ओळ गाळली, तर गिट पुढचा मजकूरही शीर्षकातच धरते.

समजा, सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या गाळेधारकाला दोन-तीन जणांच्या चमूने बिलांचे सॉफ्टवेअर करून दिले आहे. त्यातील एका बदलाची नोंद अशी असू शकते :

बिल: पैशांचे पूर्णांकन एकूण रकमेवर

प्रत्येक ओळीवर पूर्णांकन केल्याने बिलाची बेरीज
ग्राहकाच्या हिशेबाशी जुळत नव्हती.

दोन वर्षांनी लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. नव्या माणसाला पूर्णांकनाची रीत चमत्कारिक वाटते आणि तो ती ‘सुधारायला’ जातो. ही नोंद वाचली, तर तो थांबतो. नोंद नसेल, तर जुनाच घोटाळा गाळेधारकाच्या बिलात पुन्हा अवतरतो.

प्रकारदर्शक शब्द आणि सही

अँग्युलर या प्रकल्पाच्या नियमांवरून पुढे ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’ नावाचा संकेत रूढ झाला. त्यात शीर्षकाच्या आरंभी बदलाचा प्रकार लिहितात : नव्या सोयीसाठी ‘फीट’, दोषनिवारणासाठी ‘फिक्स’. जुन्या वापरकर्त्यांचे काम अडवणारा बदल असेल, तर तशी स्पष्ट खूण करावी लागते. या शब्दांवरून पुढचा आवृत्ती क्रमांक आणि बदलांची यादी संगणक आपोआप तयार करू शकतो.

लिनक्समध्ये मे २००४ पासून संदेशाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ येऊ लागली. त्याआधीच्या वर्षी एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावून लिनक्समधील मजकुराच्या मालकीचा प्रश्न उभा केला होता. हा मजकूर देण्याचा अधिकार आपल्याला आहे, अशी ग्वाही या ओळीने दिली जाते.

तपासणी कोठे करावी

नियम कागदावर राहिले की घाईच्या दिवशी मोडतात. म्हणून तपासणी यंत्राकडे सोपवली जाते. गिटमध्ये ‘कमिट-मेसेज हुक’ नावाची सोय आहे. नोंद पक्की होण्यापूर्वी एक छोटी आज्ञावली संदेश वाचते आणि तो साच्यात नसल्यास नोंद अडवते. ‘कमिटलिंट’ आणि ‘हस्की’ ही साधने याच कामासाठी वापरली जातात.

मात्र ही तपासणी प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर चालते. प्रकल्पाची प्रत उतरवून घेताना हुक आपोआप सोबत येत नाहीत आणि ‘नो-व्हेरिफाय’ हा पर्याय देऊन त्यांना बगलही देता येते. म्हणून या हुकचा उपयोग चूक लगेच दाखवण्यापुरता समजावा. खरी सक्ती सामायिक सर्व्हरवर करावी. अनेक कमिट एकत्र करून एकच नोंद ठेवण्याची पद्धत असेल, तर एकत्रित नोंदीचे शीर्षक तपासणे अधिक महत्त्वाचे ठरते.

नियम लागू करताना जुन्या नोंदींना हात लावू नये. संदेशातील एक अक्षर बदलले तरी त्या कमिटचा ओळख क्रमांक बदलतो आणि त्यापुढील सर्व नोंदींचेही क्रमांक बदलतात. ठरलेल्या दिवसापासून पुढच्या नोंदींवर नियम लावणे हाच शहाणपणाचा मार्ग.

मराठीत लिहिताना

गिटमध्ये संदेश मराठीत लिहिता येतात. अडचण मोजणीची असते. यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘दुरुस्ती’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा. यंत्राला मात्र तो आठ चिन्हांचा आणि २४ बाइटचा. वरचे बिलाचे शीर्षक ३४ चिन्हांचे, म्हणजे मर्यादेत आहे. पण बाइट मोजणारी तपासणी त्याला ९२ ठरवून नाकारील. मराठी चमूने तपासणी चिन्हे मोजते की बाइट, हे आधी पाहावे.

इंग्रजी संदेश आज्ञार्थी लिहिण्याचा प्रघात आहे. मराठीत ‘दुरुस्त केले’, ‘दुरुस्त करा’, ‘दुरुस्ती’ यांपैकी कोणते रूप वापरायचे, हे एकदाच ठरवून घ्यावे.

यंत्राची मर्यादा

‘फिक्स: बदल केले’ हा संदेश यंत्राच्या प्रत्येक कसोटीला उतरेल आणि तरीही निरुपयोगी असेल. गिटमधील ‘बायसेक्ट’ ही सोय हजार कमिटमधून दोष आणणारी नोंद सुमारे दहा चाचण्यांत शोधून देते. पण तेथे पोहोचल्यावर कारण लिहिलेले नसेल, तर शोध तेथेच अडतो. फेरफार नोंदही केवळ रकाने भरल्याने प्रमाणित होत नाही, मंडळ अधिकारी ती तपासतात. सॉफ्टवेअरमध्ये हे काम बदल तपासणाऱ्या सहकाऱ्याचे आहे. आकार यंत्राने पाहावा. ‘का’चे उत्तर आले आहे की नाही, हे सहकाऱ्याने पाहावे आणि ते नसल्यास नोंद परत पाठवावी.