अध्यक्षांचा रक्तदाब आणि सर्पगंधेची मुळी

फराळाचे ताट पुढे असताना मीठ तोडण्याची गोष्ट काढणे शोभत नाही, हे मला कळते. पण ज्या रक्तदाबाची ही हकिगत आहे, त्यावर डॉक्टरांजवळ त्याहून फारसा उपायच नव्हता. आणि रोगी तर अमेरिकेचा अध्यक्ष!

मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयतज्ज्ञाने फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासले. रक्तदाब १८६ वर १०८, हृदय वाढलेले, श्वास अपुरा. आणि महायुद्ध ऐन भरात. ब्रूनने डिजिटॅलिस दिले, मीठ तोडले, सिगारेटी कमी करविल्या, विश्रांती सांगितली. हृदयाला उतार पडला. दाब मात्र हटेना. लोकांना तर प्रकृती उत्तम म्हणूनच सांगण्यात येत होते. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे चित्रकर्तीसमोर बसले असता डोक्यात भयंकर कळ आली आणि ते कोसळले. पारा ३०० वर १९०! दुपारीच सारे आटोपले. ब्रूनने ही हकिगत छापली ती १९७० साली.

मला चुटपुट लागते ती निराळीच. त्याआधी चौदा वर्षे, १९३१ साली, कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीने चढलेला रक्तदाब उतरतो, असे लिहून प्रसिद्ध केले होते. ही मुळी आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर कधीपासूनच देत. पण कलकत्त्याचे मासिक वॉशिंग्टनात कोण वाचतो! जगाच्या कानी ही गोष्ट घातली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहून. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतले रेसरपीन वेगळे काढले, आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले.

मुळीने रूझवेल्ट वाचले असते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तिचा गुण सावकाश येतो आणि काहींचे मन तिने फार खिन्न होते; म्हणून आज ती मागे पडली आहे. औषधे आता पुष्कळ आहेत. तरीही लघवी वाढविणाऱ्या औषधासह तीन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही न उतरणारा हट्टी रक्तदाब असतोच. तेव्हा डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या रोज घेता ना? झोपेत घोरता का? दुखण्यावरच्या गोळ्या परस्पर घेता का? आणि मग चौथी गोळी म्हणून पुष्कळदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. तिचे काम काय, तर अंगातले जास्तीचे मीठ लघवीवाटे बाहेर घालविणे!