आजव्याचं पाणी

सुलतानपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात सकाळी नळाला पाणी आलं की आजी आतून ओरडायची, "आजवा आला रे, घागरी लावा!" कितीतरी वर्षं मला आजवा हे पाणी सोडणाऱ्या माणसाचं नाव वाटायचं. शाळेच्या सहलीला पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा कळलं की ते एक लहानसं गाव आहे, आणि गावाहून कितीतरी पट मोठं तिथलं तळं आहे.

आता मंडळी आजव्याला जातात ती बागेसाठी. म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर केलेली कारंजी, रंगीत दिवे, येताना रस्त्यात मक्याचं कणीस. मीही पाहुण्यांना तेच दाखवत आलोय. पण या जागेचं खरं महत्त्व कारंज्यात नाही, तिथल्या जमिनीच्या उतारात आहे.

आपण बडोदेकर सपाटीवर राहणारी माणसं. मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत सायकल मारली तरी कुठे चढ आला असं वाटत नाही. पण नकाशा डोळ्यांपुढे आणा. ईशान्येला पावागड. त्याच्यावरून आणि आसपासच्या टेकड्यांवरून पडलेलं पाणी नैर्ऋत्येकडे, म्हणजे आपल्याकडे, उतरत येतं. विश्वामित्री पावागडातच उगम पावते, बडोद्याच्या मधून वाकडीतिकडी वाहते, पुढे पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीला मिळते आणि खंभातच्या आखाताकडे जाते. तिचीच एक सोबतीण म्हणजे सूर्या नदी. शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, वाघोडिया तालुक्यात, आजव्याजवळ या सूर्येला अडवलं आहे. तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून 211 फुटांच्या आसपास राखतात. शहराची जमीन आहे साधारण सव्वाशे फुटांवर. मधला फरक ऐंशी-पंच्याऐंशी फुटांचा. बस्स, सगळी गंमत या फरकात आहे.

आजव्याच्या आधी शहर काय प्यायचं? घरोघरच्या विहिरी, वावी, तळी. नवलखी वाव आजही राजवाड्याच्या आवारात आहे. विहिरीचं पाणी खारट लागलं की गोड्या विहिरीसाठी दुसऱ्या पोळात जायचं, असं आजीची सासू सांगायची म्हणे. उन्हाळ्यात पाणी तळाला जायचं आणि गढूळ पाण्याबरोबर पटकी यायची.

सयाजीराव महाराजांच्या हाती 1881 च्या डिसेंबरात पूर्ण अधिकार आले, तेव्हा ते 18 वर्षांचे होते. आणि 1885 साली आजव्याचं काम सुरू झालं. दगडमातीचा काही किलोमीटर लांबीचा बांध, तिथून शहरापर्यंत घातलेले लोखंडी नळ. संस्थानचे इंजिनियर जगन्नाथ सदाशिवजी यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. 1892 मध्ये पाणी शहरात आलं, आणि आलं ते आपल्या पायांनी! वाफेचं इंजिन नाही, पंप नाही, कोळशाचा खर्च नाही. उतारावरून निघालं ते थेट वाड्याच्या चौकातल्या नळाला. तेव्हा शहराची वस्ती लाखाच्या थोडी वर होती, पण योजना त्याच्या दुपटी-तिपटीचा विचार करून आखली होती. लक्ष्मीविलास राजवाडाही त्याच काळात, 1890 मध्ये पुरा झाला. आपण पाहुण्यांना राजवाडा दाखवतो. माझ्या मते दोन्हींत मोठं काम आजव्याचंच. (राजवाड्याला जास्त लाइक मिळतात, ते सोडा.)

पुढे शहर वाढलं तसं एकट्या आजव्याचं पाणी पुरेना. महीकाठी फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा इथल्या विहिरींतून पाणी येऊ लागलं, आणि त्याला मात्र पंप लागतात. पूर्वेकडच्या भागाला अजून आजव्याचं पाणी मिळतं, वाटेत निमेट्याला शुद्ध होऊन.

आता उताराची दुसरी बाजू. जो उतार पाणी फुकट घरी आणतो, तोच पूरही आणतो. पावसाळ्यात तळं 211 फुटांच्या वर गेलं की 62 दरवाज्यांतून जास्तीचं पाणी सुटतं, सूर्येतून विश्वामित्रीत येतं आणि काही तासांनी काळ्या घोड्याच्या पुलाखाली पोचतं. म्हणून ऑगस्टमध्ये आपल्या घरच्या ग्रुपांवर दोनच आकडे फिरतात, आजवा किती नि काळा घोडा किती. पूर्वी नदीकाठी कोतरं होती, म्हणजे पाण्याने कापलेल्या खोल घळी. फुगलेली नदी त्यात पसरायची. त्यांतली किती बुजवली गेली आणि त्यांवर काय काय उभं राहिलं, ते प्रत्येकाने आपल्या सोसायटीभोवती फिरून बघावं. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. आणि 2024 चा ऑगस्ट तर विसरताच येत नाही. धोक्याची पातळी 26 फूट, आणि नदी गेली 37 फुटांपर्यंत.

माझी चुलत बहीण सम्याच्या बाजूला तळमजल्यावर राहते. तिच्या घरात मांडीपर्यंत पाणी होतं आणि नळ दोन दिवस कोरडा. फोनवर मला म्हणाली, "दादा, आजवा आला रे, पण घागर लावता येत नाही." हसावं की रडावं ते दोघांनाही कळेना.

पाणी ओसरल्यावर तिच्या कपाटातून आमच्या आजोबांचा अल्बम निघाला. आजव्याच्या बांधावर काढलेला एक फोटो त्यात होता. धोतर, काळी टोपी, शेजारी आजी, मागे पाणीच पाणी. पानं एकमेकांना चिकटली होती. हलक्या हाताने सोडवायला गेलो तर आजोबांचा चेहरा समोरच्या पानावर निघून गेला. आजी तेवढी राहिली.

तुमच्याकडे आजव्याचे, विश्वामित्रीकाठचे किंवा कोतरांचे जुने फोटो असतील, किंवा घरातलं कुणी वॉटर वर्क्समध्ये नोकरीला असेल, तर कृपया स्कॅन करून, साल-जागा लिहून ठेवा. आणि अल्बम खालच्या खणात ठेवू नका.