कुष्ठरोगाचे निदान आणि आरोग्यसेवेची पोच

कुष्ठरुग्णांच्या नोंदीतून रोगाचा प्रसार जसा कळतो, तसाच नोंद करणारा कोठवर पोहोचला हेही कळते. या रोगाचा आरंभ बहुधा त्वचेवरील बधिर चट्ट्याने होतो. चट्टा दुखत नाही. म्हणून रोगी दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि चढतो तेव्हा पुष्कळदा हातापायांस व्यंग आलेले असते.

१८९८ च्या कायद्याचा भर निर्धन रोग्यास समाजापासून अलग ठेवण्यावर होता. अशा व्यवस्थेत रोग लपविण्याकडेच कल असावा, हे स्वाभाविक होय. १९५१ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानाने हा क्रम उलटविला. सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीनुसार कार्यकर्ताच घरोघर जाऊ लागला. डॅप्सोनच्या गोळ्यांमुळे रोग्यास घरी राहून उपचार घेणे शक्य झाले. १९५५ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तर १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला.

डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खाली आले. तत्पूर्वीच हे कार्य सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन होऊ लागले होते, आणि रुग्णाने स्वतःहून प्राथमिक आरोग्य केंद्रात यावे, अशी अपेक्षा रूढ झाली. २०१६ साली पुन्हा घरोघर शोध घेतला गेला, तेव्हा अनेक अज्ञात रुग्ण उजेडात आले.

‘रुग्ण आढळला नाही’ आणि ‘रुग्ण शोधला नाही’ या दोन विधानांतील अंतर नोंदवहीतील आकड्यांत दिसत नाही. इतिहासकाराने ते प्रथम तपासले पाहिजे.