ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक फिटिंगचे साहित्य

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक प्रणालीतील पंप, झडपा, सिलिंडर, नळ्या व होजपाइप यांना परस्परांशी जोडणाऱ्या भागांना हायड्रॉलिक फिटिंग असे म्हणतात. निपल, एल्बो, टी, अडॅप्टर आणि कपलर हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. साहित्याची निवड तेलाचा दाब, सभोवतालचे वातावरण आणि लगतच्या भागाचा धातू यांवर अवलंबून असते.

कार्यपरिस्थिती
शेतीच्या ट्रॅक्टरमध्ये तेलाचा कमाल दाब सर्वसाधारणपणे १५० ते २१० बार असतो. उचललेले अवजार घेऊन खाचखळग्यांतून जाताना क्षणिक दाब याहून वाढू शकतो. त्यामुळे उच्चदाबाचे फिटिंग कार्यदाबाच्या चौपट दाबापर्यंत न फुटणारे असावे, असा प्रघात आहे. चिखल, शेण व रासायनिक खते यांच्याशीही त्याचा संपर्क येतो.

धातू
कार्बन पोलाद: बळकटी आणि किंमत यांचा मेळ बसत असल्याने उच्चदाबासाठी हेच सर्वाधिक वापरले जाते. गंज रोखण्यासाठी त्यावर जस्ताचा किंवा जस्त-निकेलचा मुलामा देतात. यांपैकी दुसरा अधिक टिकाऊ असतो.

स्टेनलेस स्टील: ३१६ प्रतीच्या पोलादात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते क्लोराइडयुक्त वातावरणात, उदा. समुद्रकिनारी, उपयुक्त ठरते. मात्र ते महाग असून वंगणाविना आवळल्यास त्याचे आटे एकमेकांत जाम होतात.

पितळ: हे कमी दाबाच्या वाहिन्यांपुरतेच योग्य होय. ताणाखालील पितळाला अमोनियामुळे चिरा पडतात. ब्रिटिशकालीन भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली पितळी काडतुसे अशीच तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया हे त्याचे कारण असल्याचा उलगडा १९२१ साली झाला. युरियाच्या विघटनातूनही अमोनिया निर्माण होतो. म्हणून खत टाकणाऱ्या यंत्रांवर पितळ टाळणे श्रेयस्कर ठरते.

ॲल्युमिनियम: वजनाने हलके असले तरी त्याचे आटे लवकर झिजतात. ओलाव्यात पोलादाशी संपर्क आल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने ते गंजते.

पाण्याच्या नळाचे गॅल्वनाइज्ड फिटिंग आट्यांच्या साधर्म्यामुळे काही वेळा हायड्रॉलिक वाहिनीवर बसते. परंतु ते इतक्या दाबासाठी बनवलेले नसते. शिवाय त्याच्या आतील जस्ताचे कण सुटून तेलात मिसळतात व पंप आणि झडपांना इजा पोहोचवतात.

सील
खनिज तेलासाठी नायट्राइल रबराचे सील वापरतात. ब्रेक ऑइलसाठी योग्य असलेले ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगते व निकामी होते.

सुरक्षितता
सूक्ष्म छिद्रातून उच्चदाबाने निघणारी तेलाची धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. जखम किरकोळ दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून गळती हाताने न तपासता पुठ्ठ्याच्या तुकड्याने तपासतात. फिटिंग सैल करण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून प्रणालीतील दाब उतरवणे आवश्यक असते.