दुपार
दुपार हा मध्याह्न आणि त्यानंतर सायंकाळपर्यंतचा दिवसाचा भाग दर्शवणारा मराठीतील स्त्रीलिंगी शब्द आहे.

व्युत्पत्ती
हा शब्द संस्कृत 'द्विप्रहर' यापासून आला आहे. अहोरात्राचे आठ प्रहर मानले जातात. एक प्रहर साधारण ३ तासांचा असतो आणि सूर्योदयानंतर दोन प्रहर उलटले की दुपार होते. हिंदीतील 'दोपहर' याच मुळाचा आहे. सोलापुरात मराठीसोबत बोलल्या जाणाऱ्या कन्नड व तेलुगू भाषांत मात्र संस्कृत 'मध्याह्न' शब्दाचीच रूपे रूढ आहेत.

वापर
'भरदुपारी' म्हणजे ऐन मध्याह्नी. 'अपराह्ण' हा दुपारचा नेमका समानार्थी शब्द नाही. प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्ण व सायाह्न या दिवसाच्या पाच भागांपैकी तो चौथा आहे. संस्कृतानुसार 'मध्याह्न' शब्दात 'न', तर 'अपराह्ण' शब्दात 'ण' येतो. मराठीत 'मध्यान्ह' असेही लिहिले जाते.

घड्याळ आणि मध्याह्न
घड्याळातील 'दुपारचे १२' म्हणजे सर्वत्र खरा मध्याह्न नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्तावर आधारित आहे, तर सोलापूर सुमारे ७५.९° पूर्व रेखांशावर आहे. प्रत्येक अंशास ४ मिनिटे याप्रमाणे तेथील मध्याह्न सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी होतो. ऋतुमानानुसार ही वेळ सुमारे १२.१० ते १२.४० दरम्यान बदलते. सूर्य नेमका डोक्यावर मात्र वर्षातून दोनदाच येतो: मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास व ऑगस्टच्या आरंभी.