शिराझवर राज्य कोणाचं होतं? कॉन्सुलचा रिपोर्ट वाचताना

पीएचडीसाठी विषय शोधणारे बरेच जण विचारतात, "इराणचा इतिहास मुंबईत बसून कसा करणार? फारसी येत नाही, तेहरानला जाता येत नाही." फारसी शिकावीच लागते, त्याला पर्याय नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दक्षिण इराणबद्दलच्या कागदांचा मोठा ढीग हिंदुस्थान सरकारच्या दफ्तरातच तयार झाला. त्यातला बराचसा आता कतार डिजिटल लायब्ररी आणि अभिलेख पटल या पोर्टलवर घरबसल्या, अगदी मुलुंड-बोरिवलीच्या लोकलमध्ये मोबाईलवरसुद्धा वाचता येतो. त्याआधीचा काही भाग आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहे.

म्हणजे साधनं हाताशी आहेत. खरी अडचण पुढे येते. हे कागद ज्यांनी लिहिले, ते त्या राजकारणाचे प्रेक्षक नव्हते, खेळाडू होते. आज फार्स प्रांत आणि त्याची राजधानी शिराझ यांचं उदाहरण घेऊन हाच मुद्दा बघू.

बुशहरची खुर्ची आणि मुंबई

इराणच्या आखातावर बुशहर नावाचं बंदर आहे. तिथला ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत थेट मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. १८५६ च्या डिसेंबरात इंग्रजांनी बुशहर घेतलं, ती फौजही मुंबईहून गेली होती. १८७८ पासून या रेसिडेंटला दुसरी टोपी मिळाली: फार्ससाठीचा कॉन्सुल-जनरल. रेसिडेंट म्हणून तो कलकत्ता-सिमल्याला जबाबदार, कॉन्सुल-जनरल म्हणून तेहरानच्या ब्रिटिश वकिलातीला आणि तिथून लंडनला. एकाच घटनेवर त्याची दोन दिशांना दोन पत्रं जायची. दोन्ही मिळाली तर शेजारी ठेवून वाचा. सिमल्याला काय सांगितलंय आणि लंडनला काय गाळलंय, तिथे अर्धं संशोधन होतं.

ही माणसं कोण होती? बरीचशी हिंदुस्थानच्या पोलिटिकल खात्यातली. लुइस पेली १८६२ पासून दहा वर्षं बुशहरला रेसिडेंट होता. हाच पेली १८७४ च्या शेवटी बडोद्याला आला आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून उतरवण्यात आलं तेव्हा तिथला कारभार त्याच्याच हाती होता. कोल्हापूर, सांगली, मिरजेच्या संस्थानांचा इतिहास वाचलेल्याला पोलिटिकल एजंट काय चीज असते ते समजावून सांगायला नको. दत्तक कोण, दिवाण कोण, कोणाची बाजू 'राज्यकारभाराच्या हिताची' हे तो 'सल्ला' देऊन ठरवायचा. दक्षिण इराणातले कॉन्सुल याच शाळेत तयार झाले होते. फरक एवढाच की इराण हे संस्थान नव्हतं, निदान कागदावर तरी तो स्वतंत्र देश होता. आणि गोष्टीतला सगळा ताण याच 'कागदावर' या शब्दात आहे.

शिराझचे तीन खांब

पहिला खांब गव्हर्नर. तो तेहरानहून नेमला जाई, बहुतेक वेळा बाहेरचा असे, नेमणुकीसाठी वर नजराणा देऊन येई आणि आल्यावर तो वसूल करायच्या मागे लागे. स्वतःची फौज जेमतेम.

दुसरा खांब कश्काई. तुर्की भाषा बोलणाऱ्या भटक्या टोळ्यांचा हा मोठा संघ. हिवाळ्यात आखाताकडच्या उष्ण मुलखात, उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरात. त्यांच्या प्रमुखाला इल्खानी म्हणत. आपल्या काळात तो इस्माईल खान, किताब सौलत-उद-दौला. त्यांच्या स्थलांतराच्या वाटा बुशहर-शिराझ या व्यापारी रस्त्याला छेदत. तो रस्ता म्हणजे एकामागोमाग एक घाट. तिकडे घाटाला 'कोतल' म्हणतात. खेचरांच्या तांड्यांकडून 'राहदारी' घेतली जाई. हो, शब्द ओळखीचा आहे, आपल्याकडच्या जुन्या कागदांतही तो सापडतो.

तिसरा खांब कवाम-उल-मुल्कचं घराणं. मूळचं शिराझचं व्यापारी आणि दरबारी घराणं. १८६०-६२ च्या सुमारास पाच टोळ्यांची मोट बांधून 'खमसे' हा संघ तयार केला गेला आणि या घराण्याच्या हाती दिला, कश्काईंना शह म्हणून. खमसे म्हणजे पाच. टोळ्या म्हणजे फक्त 'आदिम' काहीतरी, असं समजणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. हा संघ शहरात बसून, राजकीय हिशेबाने बनवला गेला होता.

या तिघांत चौथा शिरला, तो कॉन्सुल. त्याच्याकडे काय होतं? तेहरान-शिराझ-बुशहर तारेची लाइन, जी हिंदुस्थान सरकारचं तार खातं चालवत होतं. म्हणजे गव्हर्नरच्या आधी बातमी त्याला. इंपीरियल बँक ऑफ पर्शिया, म्हणजे कर्जाची किल्ली. आणि वकिलातीचं आवार, जिथे इराणी सरकारचा शिपाई पाय ठेवू शकत नव्हता.

१९११: आवारातला पाहुणा

संकटात असलेल्या माणसाने मशिदीत, दर्ग्यात किंवा वकिलातीत आसरा घ्यायचा, या प्रथेला इराणात 'बस्त' म्हणतात. १९०६ च्या उन्हाळ्यात तेहरानच्या ब्रिटिश वकिलातीच्या बागेत हजारो लोक बस्त घेऊन बसले आणि त्यातून शाहला राज्यघटना मान्य करावी लागली. त्या वेळी इंग्रज लोकांच्या बाजूचे वाटले. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, त्यांनी रशियाशी करार करून इराणचे प्रभावक्षेत्रांत तुकडे पाडले. उत्तर रशियाकडे, आग्नेय कोपरा इंग्रजांकडे, मधला भाग तटस्थ. गंमत अशी की बुशहर आणि शिराझ दोन्ही या 'तटस्थ' पट्ट्यात पडले. करारावर विसंबून नकाशा रंगवला तर फार्समध्ये इंग्रज दिसणारच नाहीत.

१९११ मध्ये निजाम-उस-सल्तना फार्सचा गव्हर्नर होता आणि त्याचं कश्काईंशी जुळत होतं. त्याने कवाम हबीबुल्ला खान आणि त्याचा भाऊ नस्र-उद-दौला या दोघांना पकडलं. मग देशाबाहेर पाठवतो म्हणून रवाना केलं. वाटेत हल्ला झाला. भाऊ मारला गेला. कवाम निसटला आणि त्याने शिराझच्या ब्रिटिश कॉन्सुलेटमध्ये बस्त घेतला.

आता कॉन्सुलने काय करायचं? दार लावलं तर माणूस मरणार. दार उघडलं तर प्रांताच्या भांडणात एक बाजू घेतल्यासारखं होणार. दार उघडलं गेलं आणि कवाम काही महिने तिथे राहिला. रिपोर्टांच्या भाषेत हा 'माणुसकीचा' प्रश्न आहे, आणि एका अर्थी तो होताही. पण परिणाम बघा. शिराझ पेटलं, गव्हर्नरची पत संपली, त्याच वर्षी त्याला जावं लागलं. कवाम बाहेर पडला तो पुन्हा राजकारणात आला आणि पुढे त्याचं घराणं फार्समधलं इंग्रजांचं सर्वांत भरवशाचं घराणं बनलं. एका आसऱ्याने प्रांताचा तराजू कलला.

'रस्त्याची सुरक्षितता' म्हणजे काय

कॉन्सुलांच्या पत्रात सर्वांत जास्त येणारा विषय म्हणजे रस्ता. लूट झाली, तांडा अडला, व्यापाऱ्याची नुकसानभरपाई राहिली. ऑक्टोबर १९१० मध्ये ब्रिटिशांनी तेहरानला इशारा दिला: तीन महिन्यांत दक्षिणेचे रस्ते सुरक्षित झाले नाहीत तर हिंदुस्थानी सैन्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली स्थानिक दल उभारू, खर्च इराणच्याच जकातीवर जादा आकार बसवून काढू.

१९११ च्या शरद ऋतूत सेंट्रल इंडिया हॉर्स हे हिंदी घोडदळ बुशहरला उतरलं आणि त्यातल्या तुकड्या शिराझला गेल्या. डिसेंबरात काझेरूनजवळ त्यांच्याबरोबरचा कॉन्सुल स्मार्ट जखमी झाला. पुढच्या वर्षी कॅप्टन एकफर्ड मारला गेला. रस्ता सुरक्षित करायला आलेली फौजच रस्त्यावरच्या गोळीबाराचं कारण झाली. कागदात मात्र दरवेळी 'लुटारू' हाच शब्द. राहदारी घेणारा कश्काई, गव्हर्नरचा शत्रू, परकी फौजेवर चिडलेला गावकरी, सगळे त्या एका शब्दात कोंबलेले.

युद्ध, आणि एक वर्ध्याचा माणूस

पहिल्या महायुद्धात पडदा उरला नाही. ऑगस्ट १९१५ मध्ये इंग्रजांनी बुशहर ताब्यात घेतलं. त्यांच्याशी लढणारा तंगिस्तानचा रईस अली दिलवारी सप्टेंबरात मारला गेला. नोव्हेंबरात शिराझचा कॉन्सुल ओ'कॉनर याला आणि तिथल्या इंग्रजांना राष्ट्रवाद्यांनी आणि जांदार्मरीने कैद केलं. कवाम आखाताकडे पळाला, इंग्रजांच्या पैशावर आणि बंदुकांवर परत निघाला, वाटेत घोड्यावरून पडून मेला. त्याच्या मुलाने शिराझ परत घेतलं. मार्च १९१६ मध्ये पर्सी सायक्स बंदर अब्बासला उतरला, कर्मान, यझ्द, इस्फहान करत वर्षाअखेर शिराझला पोचला. त्याने उभारलेली साउथ पर्शिया रायफल्स १९२१ पर्यंत टिकली. १९१८ मध्ये सौलतने उठाव केला, तेव्हा या दलातलेच इराणी शिपाई काही ठिकाणी उलटले. शिराझ वाचलं ते हिंदी पलटणींमुळे आणि गव्हर्नर फर्मानफर्मा व कवाम यांनी इंग्रजांना साथ दिल्यामुळे. सौलतच्या जागी त्याच्याच भावाला इल्खानी नेमलं गेलं. कोल्हापूर-बडोद्याची आठवण येते ती इथे.

याच काळात इराणात एक मराठी माणूस दुसऱ्या बाजूने लढत होता: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. अमेरिकेत शेतीचं शिक्षण, गदर चळवळीच्या पायाभरणीत सहभाग, आणि युद्ध सुरू झाल्यावर तुर्कस्तानमार्गे इराण. बेत असा की तिथून बलुचिस्तानच्या सीमेवर पोचायचं आणि हिंदी सैन्यात उठावाची ठिणगी टाकायची. तो बेत फसला. खानखोजे पुढे मेक्सिकोत कृषितज्ज्ञ म्हणून नावाजले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. त्यांच्या आधी शिराझला गेलेले क्रांतिकारक सूफी अंबाप्रसाद यांचा तर शिराझमध्येच शेवट झाला.

म्हणजे शिराझच्या वेशीवर हिंदी माणूस दोन्ही बाजूंना होता. एक कॉन्सुलचं रक्षण करत, दुसरा त्याला हाकलायला निघालेला. आपल्या पाठ्यपुस्तकांत यातला दुसरा कधीतरी एका ओळीत येतो. पहिला येतच नाही. कॉन्सुलची ताकद हिंदुस्थानच्या तारेवर, शिपायांवर आणि तिजोरीवर उभी होती, ही गोष्ट इराणच्या इतिहासात जेवढी महत्त्वाची, तेवढीच आपल्याही.

मग कॉन्सुलचा रिपोर्ट वाचायचा कसा?

मी स्वतः फाईल उघडली की चार प्रश्न वहीत लिहून ठेवते.

एक, हे पत्र कोणाला लिहिलंय आणि त्याच्याकडून काय हवंय? फौज मागणाऱ्या पत्रात लूट नेहमी जास्त असते.

दोन, बातमी कोणी दिली? तार खात्याचा माणूस, कॉन्सुलेटचा मुन्शी, की कवामचा नोकर? कॉन्सुलचे कान ज्या वाड्यात होते, तिथलीच गोष्ट 'शिराझचं मत' म्हणून नोंदवली जाते.

तीन, विशेषणं कोणाला लागतात? 'मित्र', 'समंजस', 'कारस्थानी', 'लुटारू' यांची वर्षवार यादी करा. तोच माणूस तीन वर्षांत 'समंजस'चा 'कारस्थानी' झाला असेल, तर बदललेला तो आहे की लंडनचं धोरण, हे तपासा.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचा: कॉन्सुल स्वतः या घटनेत कुठे उभा आहे? १९११ च्या पत्रांत कवामचा आसरा 'घडतो', कोणी तो 'देत' नाही. वाक्यातून कर्ता गायब झाला की समजायचं, कर्ता बहुतेक लिहिणाराच आहे.

याचा अर्थ हे कागद खोटे म्हणून फेकून द्यायचे असा अजिबात नाही. बाजारभाव, घाटांची वर्णनं, तारखा, टोळ्यांच्या वाटा यांचे इतके सलग तपशील दुसरीकडे मिळणं कठीण आहे. फक्त 'कॉन्सुल म्हणतो' हे दोन शब्द आपल्या वाक्यातून गळू द्यायचे नाहीत. ते गळले की आपण शंभर वर्षांनी, नकळत, त्याच्याच बाजूने साक्ष देऊ लागतो.

आणि फारसी? ती सुरू करा. लिपी आठवड्याभरात बसते, आणि राहदारी, दफ्तर, फौज, खजिना हे शब्द तर आपल्याला आधीच येतात.